एवढंच होतं का, डॉक्टर?

वाचक विचारतात : उत्तरं देणाऱ्या डॉक्टर ठाणे पूर्वेला कोपरीत दवाखाना चालवतात

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. मी ऐरोलीला राहतो, नोकरी महाप्याला. वडील गेल्यावर आईला कोरेगाव तालुक्यातल्या गावाहून इकडे आणलं. तिचं वय ६८. इथे आल्यावर महिनाभरात तिला सकाळी उठल्यावर गरगरायला लागलं, डोळ्यांपुढे अंधारी यायची, संध्याकाळी पाय सुजायचे. एका ठिकाणी मानेचा एमआरआय काढला. "मणक्यात गॅप आहे, नस दबलीय, त्यामुळे मेंदूला रक्त कमी पडतं," असं सांगितलं. मानेचा पट्टा आला, मशीनवरचे शेक झाले, इंजेक्शनं झाली. मावशीने सांगितलं म्हणून पलंगाची दिशाही बदलली. चार महिने असे गेले.

मग नातवाच्या लसीसाठी आई महापालिकेच्या आरोग्य केंद्रात गेली होती, तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला भिंत धरून चालताना पाहिलं आणि घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन यायला सांगितल्या. टेबलावर पट्ट्या मांडल्या आणि लगेच म्हणाल्या, "या दोन बीपीच्या गोळ्या एकच आहेत. नावं वेगळी, औषध तेच." एक गावच्या डॉक्टरांची, एक इथल्या. आई दोन्ही घेत होती. एक बंद केली. तीन आठवड्यांत चक्कर गेली, सूजही उतरली.

तरी आई अजून पट्टा घालते आणि आल्यागेल्याला "माझ्या मणक्यात गॅप आहे" हेच सांगते. गोळ्यांचा विषय काढला की चिडते. "एवढंच असतं, तर एवढे मोठे डॉक्टर चार महिने काय करत होते?" मी तिला कसं समजावू? आणि साधं कारण समोर असताना माणसं अवघड कारणच का धरून बसतात?

उत्तर : आधी त्या डॉक्टरीणबाईंबद्दल. त्यांनी जे केलं ते दिसायला किरकोळ आहे, पण वयस्क रुग्णाच्या बाबतीत याहून मोलाची तपासणी मला माहीत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या, पिशवीसकट, टेबलावर. तुमच्या आईसारखी माणसं गावाकडून मुलाकडे येतात तेव्हा जुना डॉक्टर सुटतो, जुन्या गोळ्या सुटत नाहीत. नवा डॉक्टर "बीपीची गोळी चालू आहे का?" विचारतो, आई "हो" म्हणते, तो त्याच्या सवयीच्या कंपनीची लिहून देतो. मेडिकलवाला देतो. कंपनीचं नाव वेगळं, रंग वेगळा, त्यामुळे घरात कोणाला शंका येत नाही. आत कोणतं औषध आहे ते पट्टीवर छापलेलं असतंच, पण इंग्रजीत. पाय सुजत होते म्हणता, त्यावरून ते अ‍ॅम्लोडिपिन असावं असा माझा अंदाज आहे. या औषधाचा डोस वाढला की घोट्यांशी सूज येणं हे ओळखीचं लक्षण आहे आणि बीपी गरजेपेक्षा खाली गेलं की अंथरुणातून उठताना अंधारी येणारच.

आता आईंकडे येऊ. तुम्ही "कसं समजावू" असं विचारलंत. मला वाटतं, समजावण्याआधी त्या कशाला धरून बसल्या आहेत ते पाहायला हवं.

नवरा गेला. गाव सुटलं. परक्या ठिकाणी, वरच्या मजल्यावर, दिवसभर बंद दाराआड राहायचं आणि त्यात हे गरगरणं. रात्री बाथरूमला जाताना पडू, ही भीती. चार महिने त्यांनी हे सोसलं. त्या सोसण्याला एमआरआयवाल्या ठिकाणी एक नाव मिळालं. 'मणक्यात गॅप' हे नाव ऐकलं की बायका जवळ येऊन बसतात, विचारपूस करतात, त्यांच्या कोणाच्या तरी मणक्यातही गॅप असतो. मुलगा रजा काढून सोबत येतो. पट्टा दिसतो, म्हणजे दुखणं दिसतं. आणि मग एक दिवस कोणीतरी सांगतं की तुम्ही एक गोळी दोनदा घेत होतात. यातून त्यांच्या कानावर दोन गोष्टी पडतात. पहिली, तुमचं चार महिन्यांचं दुखणं म्हणजे काहीच नव्हतं. दुसरी, ते तुम्हीच तुमच्या हाताने करून घेतलंत. यातलं काहीही त्या डॉक्टरीणबाईंनी म्हटलं नसेल. पण ऐकू तेच येतं. मी हे माझ्या दवाखान्यात इतकी वर्षं बघते आहे की त्याबद्दल मला शंका उरलेली नाही: माणूस कारणाचं माप आपल्या त्रासाच्या मापाशी जुळवून बघतो. त्रास मोठा आणि कारण लहान, हे त्याच्या मनाला बसत नाही. कारण मोठं दिलं की बसतं, मग ते खरं असो की नसो.

दुसऱ्या गोष्टीबद्दल थोडं आणखी. साधं कारण बहुतेक वेळा घरात सापडतं आणि घरात सापडलं की बोट कोणाकडे तरी वळतं. हे फक्त तुमच्या आईंचं नाही, शिकल्या-सवरलेल्या डॉक्टरांचंही झालेलं आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तिथे बाळंतपणाचे दोन विभाग होते. ज्यात सुइणी काम करायच्या तिथे बाळंतिणी कमी दगावायच्या. ज्यात डॉक्टर आणि विद्यार्थी काम करायचे तिथे कितीतरी जास्त. याची कारणं काय काय दिली गेली होती! दूषित हवा, वातावरणातले प्रभाव, बायकांच्या प्रकृतीतला दोष. सेमेलवाइस यांनी पाहिलं की डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येतात. त्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले, आणि दहा टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरलं. तरी मोठमोठ्या डॉक्टरांनी ते मानलं नाही. मानलं असतं तर आपल्याच हातांनी आजवर किती जणी गेल्या हेही मानावं लागलं असतं. वातावरणातल्या प्रभावाला हात नसतात, म्हणून ते कारण सगळ्यांना सोयीचं होतं. हे वाचल्यावर तुमच्या आईंचं चिडणं तुम्हाला जवळचं वाटेल, अशी माझी आशा आहे.

आता एमआरआय. साठी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मानेच्या एमआरआयमध्ये काही ना काही झीज दिसतेच, त्रास असो वा नसो. त्यामुळे रिपोर्टात लिहिलेलं खोटं नव्हतं. ते त्यांच्या चकरेचं कारण आहे, हा जोड कोणी तपासून पाहिला नव्हता. पण फिल्म प्रकाशासमोर धरून कोणी पांढऱ्या-काळ्या रेषा दाखवल्या, 'मेंदूला रक्त कमी पडतं' म्हटलं, की तो जोड पक्का झाल्यासारखा वाटतो. २००८ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांचा यावरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांना माणसाच्या वागण्याची काही स्पष्टीकरणं वाचायला दिली, काही चांगली, काही मुद्दाम पोकळ. त्यातल्या काहींमध्ये मेंदूच्या कुठल्या भागात काय दिसलं अशी वाक्यं घातली, ज्यांचा विषयाशी काही संबंध नव्हता. सामान्य लोकांना आणि त्या विषयाच्या नवख्या विद्यार्थ्यांनाही ती वाक्यं घातल्यावर पोकळ स्पष्टीकरणं बरीच समाधानकारक वाटायला लागली. फसले नाहीत ते फक्त त्या क्षेत्रातले जाणकार. म्हणजे जे आपल्याला तपासता येत नाही त्याचं आपण वजन बघतो: किती शब्द, किती यंत्रं, किती बिल.

अवघड कारणाची आणखी एक ताकद असते, ती म्हणजे ते हरत नाही. पट्ट्याने गुण आला नाही तर शेक कमी पडले. शेकाने नाही आला तर इंजेक्शन हवं होतं. इंजेक्शननेही नाही तर पलंगाची दिशा. प्रत्येक अपयशावर एक नवी कल्पना चढते आणि जुनी तशीच राहते. आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या जुन्या पंडितांनी, या सवयीवर बोट ठेवलेलं आहे. एका गोष्टीचा उलगडा दोन प्रकारांनी होत असेल, तर ज्यात कमी गोष्टी गृहीत धराव्या लागतात तो घ्यावा. याला ते लाघव म्हणत. गरजेपेक्षा जास्त कल्पना करणं म्हणजे गौरव, आणि तो त्यांच्या लेखी दोष होता. युरोपात चौदाव्या शतकातल्या ऑकमचा विल्यम या तत्त्वज्ञाच्या नावाने हाच नियम सांगतात. दोन्हीकडे तो शिकवावा लागला, हे लक्षात घ्या. तो आपसूक येत असता तर शिकवावा लागला नसता.

माझ्याकडे रोज येणारा विषय सांगते. सलाईन. कोपरीत माझ्याकडे स्टेशनवर हमाली करणारे येतात, वागळे इस्टेटमध्ये दोन पाळ्या करणारे येतात, चार घरची कामं करणाऱ्या बायका येतात. ताप उतरलेला असतो, अंगात त्राण नसतं. "डॉक्टर, एक ताकदीची बाटली लावा." साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. 'ग्लुकोजची बाटली' म्हणतात त्या पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर, म्हणजे साधारण एका केळ्याइतक्या कॅलरी. ज्याला तोंडाने घेता येतंय, उलटी होत नाही, त्याला यापेक्षा भाकरी, वरण आणि लिंबूपाणी जास्त देतं. हे मी सांगते, बाटलीवरचा मजकूर वाचूनही दाखवते. तरी पहिल्यांदा चेहरा पडतो. कारण बाटली लावली की तासभर पडायला मिळतं. नर्स येऊन हात बघते. घरचं कोणीतरी पायाशी बसून राहतं. दिवसभर उभं राहणाऱ्या बाईला हा तास दुसऱ्या कुठल्या कारणाने मिळणार? हे कळल्यापासून मी एक करते. सुई टोचत नाही, पण घाईही करत नाही. पापणी ओढून बघते, जीभ बघते, झोपवून पोट तपासते, बीपी बसून घेते आणि उभं करून घेते. जेवण काय झालं, झोप किती झाली, हे नीट विचारते. कामावर द्यायला दोन दिवसांच्या विश्रांतीची चिठ्ठी लिहिते. मग "लिंबूपाणी घ्या" म्हटलेलं ऐकलं जातं. लोकांना अवघड औषधाचीच ओढ असते असं मला वाटत नाही. आपलं दुखणं कोणीतरी मोठं मानावं, ही ओढ असते, आणि आपल्या व्यवस्थेत तो मान अवघड औषधासोबतच मिळतो.

सलाईनवरून डॉ. दिलीप महालनोबिस यांचं काम सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९७१. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात सीमा ओलांडून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगाव भरून गेलं होतं. कॉलरा पसरला. रुग्णालयात खाटा नाहीत, माणसं जमिनीवर, विष्ठेत आणि उलटीत पडलेली. कॉलऱ्यात शरीरातलं पाणी इतक्या वेगाने जातं की काही तासांत माणूस दगावतो, आणि त्या वेळी मान्य असलेला उपाय एकच होता: शिरेतून सलाईन. ते संपत आलं होतं आणि लावणारे प्रशिक्षित हातही पुरे पडत नव्हते. महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची पाकिटं करून घेतली, ती स्वच्छ पाण्यात कालवून ड्रममध्ये ठेवली आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजत राहा. तीन हजारांवर रुग्णांना याप्रमाणे पाजलं गेलं. जिथे मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जात होतं, तिथे ते ३.६ टक्के राहिलं. तरीही मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलरा आटोक्यात येतो हे वैद्यकीय जगाच्या गळी उतरायला वेळ लागला. १९७८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने याला विसाव्या शतकातला कदाचित सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध म्हटलं. महालनोबिस २०२२ मध्ये गेले. पद्मविभूषण २०२३ मध्ये, मरणोत्तर.

मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की उपाय साधा असला तरी त्यामागचं ज्ञान साधं नव्हतं. आतड्याच्या पेशीत ग्लुकोज शिरताना सोडियमला सोबत घेऊन जातं आणि त्या दोघांच्या मागे पाणी ओढलं जातं. कॉलऱ्यात जुलाब चालू असतानाही ही यंत्रणा बिघडत नाही. हे १९६०च्या दशकात संशोधकांनी एकेक पायरी करून शोधलं. म्हणूनच नुसतं पाणी चालत नाही, नुसतं मीठही नाही, प्रमाणही महत्त्वाचं. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. पाकीट आणलंत तर पूर्ण पाकीट एकाच वेळी, पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्या पाण्यात. चिमूटभर टाकून पेला भरू नका. तुमच्या आरोग्य केंद्रातल्या बाईंच्या त्या पटकन काढलेल्या निदानामागेही कोणीतरी वर्षानुवर्षं शिकवलेलं, वाचलेलं, पाहिलेलं आहे. ते आईंना दिसलं नाही, कारण त्यांनी त्याचा डामडौल केला नाही.

तर आता काय करायचं. "बघ, एवढंच होतं" हे वाक्य घरात पुन्हा उच्चारू नका. त्याऐवजी त्यांना सांगा की आई, तू चार महिने भिंती धरून चाललीस, ते खरं होतं, तुझं बीपी खरोखर खाली जात होतं आणि तसं झालं की कोणीही पडेल. हे शब्दशः खरं आहे. चूक कोणाची, हा विषय आलाच तर दोन डॉक्टरांनी एकमेकांचं लिहिलेलं पाहिलं नाही, असं सांगा, कारण तेही खरं आहे. आईंनी तर दोघांनी सांगितलेलं निमूटपणे पाळलं.

मग बीपीचं यंत्र घरी आणा आणि ते त्यांच्या हातात द्या. सकाळी आडवं असताना एक आकडा, उठून उभं राहिल्यावर एका मिनिटाने दुसरा, तीन मिनिटांनी तिसरा. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं. मोजणी चालू असताना कोणीतरी शेजारी उभं राहा. आकडे वहीत आईंनीच लिहावेत. आरोग्य केंद्रातल्या बाईंनी सांगितलेलं कारण आता त्यांच्या स्वतःच्या अक्षरात, स्वतःच्या वहीत येईल. माझ्या अनुभवात मन वळतं ते इथे, दुसऱ्याच्या तोंडून ऐकून नाही. पट्टा मात्र ओढून काढू नका. जास्त दिवस घातल्याने मानेचे स्नायू सैल पडतात, हे त्यांच्या डॉक्टरांकडून त्यांना ऐकू द्या आणि मग हळूहळू सुटू द्या.

एक सावधगिरी. चक्कर पुन्हा आली तर "गोळीचंच असेल" म्हणून बसू नका. या वयात कानाच्या आतला दोष, हिमोग्लोबिन, साखर, हृदयाचे ठोके, सगळं पाहावं लागतं, आणि एका माणसाला एकाच वेळी दोन कारणंही असू शकतात. बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर वही-बीपी काही नको, सरळ मोठं रुग्णालय.

प्रश्न : मी नेरुळला राहते, वय ४१. दोन वर्षं मला थकवा, केस गळणं, वजन वाढणं, पाळी जास्त जाणं असा त्रास होता. ज्यांना ज्यांना दाखवलं ते म्हणाले, "टेन्शन घेऊ नका, चालायला जा." शेवटी एका डॉक्टरांनी थायरॉईड तपासला आणि टीएसएच (थायरॉईड कमी पडला की रक्तात वाढणारं संप्रेरक) खूप वाढलेला निघाला. तुम्ही नेहमी साध्या कारणाची बाजू घेता. मला तर साध्या कारणानेच दोन वर्षं फसवलं.

उत्तर : ताई, तुमची दोन वर्षं वाया गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं आणि राग येतो. बाईने थकले म्हटलं की 'टेन्शन' म्हणणं हे आमच्या व्यवसायात फार बोकाळलेलं आहे. पण ते साधं कारण नाही, ती टाळाटाळ आहे. फरक कुठे आहे सांगते. 'दोन गोळ्या एकच आहेत' हे चुकीचं असेल तर चुकीचं आहे हे कळू शकतं: एक थांबवा, चक्कर राहिली तर कारण दुसरं. 'थायरॉईड कमी पडतोय' हेही तपासता येतं, एका रक्ताच्या नळीत. 'टेन्शन' मात्र कशालाही लागू होतं आणि कशानेही खोटं ठरत नाही. चाललात आणि बरं वाटलं तर टेन्शन होतं; नाही वाटलं तर अजून टेन्शन आहे. मणक्यातल्या गॅपचंच हे भावंड. मी बाजू घेते ती ज्याची परीक्षा घेता येते त्या कारणाची.

पोटाच्या अल्सरचं असंच झालं होतं. कितीतरी वर्षं जगभरचे डॉक्टर सांगत होते की काळजी, धावपळीचा स्वभाव, तिखट खाणं यामुळे अल्सर होतो. रुग्णाच्या स्वभावावर पानंच्या पानं लिहिली गेली. ऑस्ट्रेलियात पर्थच्या रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी म्हटलं की जठरात एक जिवाणू आहे, त्याचं हे काम. मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो, ते वेगळं. पण कितीतरी माणसांना "स्वभाव बदला" सांगितलं जात होतं तेव्हा त्यांना हवी होती काही दिवसांची जिवाणूनाशक औषधं.

तुमची थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्या. चहा, नाश्ता त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांच्या अंतराने, नाहीतर ही गोळी नीट शोषली जात नाही. सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा. पाळी जास्त जात होती म्हणता, तर हिमोग्लोबिन तपासलं आहे का? नसेल तर या आठवड्यातच करून घ्या.

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीत डेंग्यूचे रुग्ण निघाले. मी सेक्रेटरी आहे. वॉचमनला पोडियमवरच्या कुंड्यांखालच्या बशांत अळ्या दिसल्या. मी सभेत म्हटलं, दर आठवड्याला बशा रिकाम्या करू. लोक हसले. "एवढ्या मोठ्या टॉवरमध्ये बशीतल्या पाण्याने डेंग्यू होतो का?" त्यांना महिन्याचं धूरफवारणीचं कंत्राट हवं आहे.

उत्तर : होतो. डेंग्यूचा एडिस डास गटारात वाढत नाही, साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा सगळं कोरडं केलं की साखळी तुटते. धूर फक्त त्या वेळी उडत असलेले डास मारतो. बशीतल्या अळ्यांना काही होत नाही आणि त्यांचे डास येत राहतात. इमारतीत रुग्ण असताना महापालिकेला कळवा. त्यांचे कर्मचारी फवारणीही करतील आणि घरोघरी पाणीही तपासतील. पण दर महिन्याच्या धुरावर विसंबू नका.

कुठे कुठे बघायचं: फ्रिजच्या मागचा ट्रे, कुंडीच्या बशा, मनी प्लांटच्या बाटल्या, बंद फ्लॅटमधले कमोड, गच्चीवरची झाकण नसलेली टाकी, लिफ्टचा खड्डा, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर तिथलं साठलेलं पाणी. बशी नुसती ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात, म्हणून घासावी लागते.

पुढच्या सभेत भाषण करू नका. त्या बशीतलं पाणी अळ्यांसकट काचेच्या बाटलीत घ्या, तोंडाला सुती कापड घट्ट बांधा आणि बाटली टेबलावर ठेवा, वळवळणाऱ्या अळ्या सगळ्यांना दिसू द्या. जमल्यास बाटली सोसायटीच्या ऑफिसमध्ये राहू द्या, चार-पाच दिवसांत त्यात काळ्या-पांढऱ्या पायांचे डास झालेले दिसतील. तोवर कापड कोणीही सोडू नये. झाल्यावर कापडावरूनच उकळतं पाणी ओता, आणि थंड झालं की बाटली मोरीत न ओतता कोरड्या मातीत रिकामी करा.